घरात लहान मूल आणि सुईवर अर्धवट विणकाम: वारंवार येणारा दोष कसा शोधायचा

विणता येतं, आवडतं, लोकरही घरात पडून आहे, तरी मूल झाल्यापासून एकही वस्तू सुईवरून उतरत नाही. ही तक्रार माझ्याकडे सारखी येते. ओळखीतल्या बायका, आणि अलीकडे काही बाबाही, अर्धवट विणकामाच्या पिशव्या घेऊन येतात. मी टाके उचलून देते, ओळ लावून देते, आणि काही महिन्यांनी तीच पिशवी त्याच अवस्थेत परत येते. "वेळच मिळत नाही हो," हे वाक्य ठरलेलं असतं. पिशवी उघडली की मला दुसरंच दिसतं. वेळ मिळालेला असतो, पण पाच-पाच, सात-सात मिनिटांचा, आणि हातातलं काम तेवढ्या तुकड्यात बसणारं नसतं. त्यात थांबताना कसंही थांबलेलं असतं, त्यामुळे पुढच्या वेळचा बराचसा भाग "मी कुठे होते?" हे शोधण्यात जातो. म्हणून दुरुस्तीला सुरुवात करायची ती थांबण्यापासून.

लक्षणं

खालच्यापैकी दोन-तीन जुळली तरी हा लेख तुमच्यासाठी आहे.

- विणकाम हातात घेतल्यावर ओळ कुठल्या दिशेने चालली होती ते कळत नाही.
- तुकड्याची एक कड दुसरीपेक्षा उंच झाली आहे आणि मधेच एक छोटं भोक दिसतं, जे नमुन्यात नाही.
- टाके दर वेळी मोजले की दर वेळी वेगळे भरतात.
- मुलाने सुई ओढली, टाके निसटले आणि खालपर्यंत शिडी गेली, म्हणजे एका सुटलेल्या टाक्याखालचे टाके ओळीने उसवत गेले.
- खालचा भाग सैल, वरचा घट्ट. जणू दोन माणसांनी विणलंय.
- स्वेटर पूर्ण झाला तेव्हा तो मुलाला आखूड झालेला होता.
- नवीन काही घालायला हात शिवशिवतात, जुनी पिशवी मात्र उघडवत नाही.
- अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात दुखतं. हे असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी शेवटचा भाग वाचा.

तपासण्या क्रमाने करा. पहिल्या काही फुकट आहेत आणि बऱ्याच पिशव्या तिथेच सुटतात. दोष सापडला की तो दुरुस्त करून आठवडाभर विणून बघा, मगच पुढची तपासणी. सगळं एकदम बदललं तर नेमकं कशाने फरक पडला ते समजत नाही.

१. थांबता कसं, ते पाहा

मूल रडलं, उठावं लागलं, सुया सोफ्यावर टाकल्या. इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच. फरक पडतो तो परत उचलताना. ओळ अर्धवट असेल तर दोन्ही सुयांवर टाके असतात, आणि कुठली सुई कुठल्या हातात धरायची हे अंदाजाने ठरवलं जातं. अंदाज करू नका, धागा बघा. गुंड्याकडे जाणारा धागा ज्या टाक्यातून निघतो तो तुमचा शेवटचा विणलेला टाका. तो ज्या सुईवर आहे ती सुई उजव्या हातात. (डावखुऱ्या पद्धतीने विणत असाल तर हात उलटे.) सुया चुकीच्या हातात गेल्या की तुम्ही ओळीच्या मधूनच मागे फिरता. तेवढ्या भागावर दोन ओळी जास्त चढतात आणि जिथून फिरलात तिथे भोक पडतं. उंच झालेली कड आणि ते अनोळखी भोक ही दोन्ही लक्षणं बहुतेक वेळा या एकाच कारणाने येतात.

ओळ पुरी झालेली असेल आणि एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण असेल, तर तुमच्या समोर जी बाजू आहे तीच उत्तर देते. गुळगुळीत, इंग्रजी व्हीसारखे टाके समोर असतील तर ही ओळ सुलट विणायची, गाठीगाठींची बाजू समोर असेल तर उलट. मुलं असलेल्या घरात सगळ्यात कामाचं कौशल्य कुठलं असं मला विचाराल तर हेच, कापडाकडे बघून पुढची ओळ ओळखता येणं. ज्यांना हे जमतं त्यांना निम्म्या खुणा लागतच नाहीत.

उठावंच लागलं तर एवढं करा: टाके सुईच्या टोकापासून मागे सरकवा आणि टोकाला रबरबँडचे दोन-तीन वेढे द्या. सरळ सुयांऐवजी गोल सुई (लवचिक केबलने जोडलेली दोन छोटी टोकं) वापरत असाल तर टाके मधल्या केबलवर ढकला. सपाट, मागे-पुढे करायचं विणकामही गोल सुईवर बिनदिक्कत होतं. लहान मुलांच्या घरात मी सरळ सुया सुचवतच नाही. त्यांची मागची टोकं बाजूला लांब निघतात, मांडीजवळ आलेल्या मुलाच्या तोंडाशी पोचतात, आणि सोफ्यावरून पडल्या की टाके घेऊनच पडतात.

२. खुणा आहेत का

"लक्षात राहील" असं म्हणून ठेवलेलं विणकाम दुसऱ्या दिवशी लक्षात नसतं. रात्री दोनदा उठलेल्या माणसाकडून तशी अपेक्षा करणंच चुकीचं आहे. म्हणून जे लक्षात ठेवायचं ते कापडावरच लिहा.

दर १० ओळींनी वेगळ्या रंगाच्या लोकरीचा बोटभर तुकडा त्या ओळीतल्या एका टाक्यातून ओवून ठेवा. पुढे ओळी मोजताना शेवटच्या तुकड्यापासूनच मोजायच्या. सगळ्या ओळी सुलट असलेल्या विणीत तर दर कंगोऱ्याला दोन ओळी, त्यामुळे पाच कंगोरे झाले की एक तुकडा. टाके मोजायचे असतील तर दर २० टाक्यांनंतर सुईवर लोकरीचीच छोटी कडी अडकवा. मग एका कडीपासून दुसरीपर्यंतच मोजायचं, आणि चूक कुठल्या कप्प्यात आहे ते लगेच दिसतं. बाजारात प्लॅस्टिकच्या छान रंगीत कड्या मिळतात, पण तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर त्या नकोत. घशात अडकण्याच्या अगदी मापाच्या असतात. लोकरीची कडी फुकट होते आणि हरवली तरी बिघडत नाही.

जाळीची किंवा पिळाची वीण असेल तर एक खूण आणखी हवी, आणि ती मी सगळ्यांकडून आग्रहाने करून घेते. नमुन्याचा एक फेर पुरा झाला की दाभणात गुळगुळीत बारीक दोरा ओवा आणि तो सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून काढून तसाच राहू द्या. कड्यांमधून मात्र ओवू नका, नाहीतर त्या तिथेच अडकून बसतील. हा दोरा म्हणजे तुमचा बंधारा. पुढे सुई निघाली, वीण उसवली तरी ती या दोऱ्यापाशी थांबते. काम पाच मिनिटांचं आहे, आणि मुलाने सुई ओढली त्या दिवशी त्याची किंमत कळते.

३. पिशवी कुठे असते

उघडी टोपली दिसायला सुंदर, पण रांगणाऱ्या मुलाला ती खेळण्याचीच टोपली वाटते. चेन असलेली पिशवी घ्या, हाताशी ठेवा, पण मुलाच्या डोक्याच्या उंचीपेक्षा वर. कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेलं विणकाम सुरक्षित राहतं पण होत नाही. उघडायला तीस सेकंदांपेक्षा जास्त लागणारी जागा चुकीची समजा.

पिशवीत काय काय आहे ते एकदा ओतून बघा. बटणं, टाचण्या, सुयांची टोपणं, छोटी कात्री, दाभण. टॉयलेट पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू पार होते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागता कामा नये. हा सोपा घरगुती निकष आहे. आणि ओळी मोजायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र किंवा गळ्यात अडकवायचा छोटा दिवा असेल तर त्यात बटणासारखी सपाट बॅटरी असते. ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून गंभीर इजा होऊ शकते. अशी वस्तू घरात असेल तर बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं, नाहीतर ती वस्तू घरातूनच बाद करा. कागद-पेन्सिलीने ओळी उत्तम मोजता येतात.

लोकरीचा लोंबता धागा पाळण्यात, पलंगावर राहू देऊ नका. उठताना गुंडाही पिशवीत.

४. ओळ तुमच्या सलग वेळात मावते का

ही तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जवळपास कोणीच ती केलेली नसते. घड्याळ लावून एक मिनिट विणा आणि टाके मोजा. समजा २० झाले. आता मुलाच्या स्वेटरचं अंग १३२ टाक्यांचं असेल तर एक ओळ साडेसहा मिनिटांहून थोडी जास्त घेणार. तुमच्या घरात मूल जागं असताना सलग मिळणारा वेळ पाच मिनिटं असेल, तर तुमची ओळ कधीच एका बैठकीत पुरी होणार नाही. दर वेळी तुम्ही ओळीच्या मधेच उठणार, आणि पहिल्या तपासणीतला सगळा घोळ दर वेळी नव्याने होणार. यात तुमच्या शिस्तीचा काही दोष नाही. ओळच लांब आहे.

पुढचा हिशेब करून बघा. असं अंग ९० ओळींचं धरलं तर ११,८८० टाके, म्हणजे दहा तासांना थोडं कमी. पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत साधारण १२० बैठका. पण दर बैठकीला दोन मिनिटं जागा शोधण्यात गेली तर विणायला तीनच उरतात आणि त्याच कामाला १९८ बैठका लागतात. काम तेवढंच, टाके तेवढेच. ज्यांना "माझं पुढेच सरकत नाही" असं वाटतं ते या वाढलेल्या बैठकांत अडकलेले असतात.

उपाय आहे लहान ओळ. ४० टाक्यांची बाही दोन मिनिटांत एक ओळ देते. म्हणून स्वेटर घालायचा असेल तर बाह्यांपासून सुरू करा. पाठ आणि पुढचे भाग वेगवेगळे विणून शेवटी शिवा. एकसंध विणायचा मोह होतो, शिवण कोणालाच आवडत नाही, हे मला माहीत आहे. तरी ही चार-पाच वर्षं तुकडेच बरे. पांघरूण हवं असेल तर ३० टाक्यांचे चौकोन करा आणि जोडा. टोपी गोल सुईवर फिरत विणली तर आणखी सोपं, कारण तिथे सगळ्या ओळी सुलट, सुलट बाजू कायम समोर, आणि मधे कुठेही थांबलं तरी बिघडत नाही. फक्त परत उचलताना पहिल्या तपासणीतला धाग्याचा नियम तिथेही पाळायचा.

लहान ओळीचा आणखी एक फायदा आहे. मूल बोलावतं तेव्हा आपण "एक मिनिट हं" म्हणतो. ओळ साडेसहा मिनिटांची असेल तर ते मिनिट खोटं ठरतं, मूल चिडतं, येऊन सुईच धरतं. ४० टाक्यांच्या ओळीत राहिलेले १५-२० टाके खरंच मिनिटाभरात होतात. "एवढी ओळ झाली की आले," असं म्हणून खरोखर ओळीच्या टोकाला सुया खाली ठेवल्या, की तीन-साडेतीन वर्षांचं मूल ते समजायला लागतं. शेजारी बसून सुईवरचे उरलेले टाके बोटाने दाखवतं, "आता एवढेच ना?" विचारतं. ही सवय लागलेल्या घरांत सुई ओढण्याचे प्रकार आपोआप कमी होताना मी पाहिले आहेत. पण शब्द पाळावा लागतो. अजून एक ओळ चोरली की संपलं.

जाळीचं, मोजून करायचं काम सोडून देऊ नका. ते रात्री मूल झोपल्यावर, दुसऱ्या पिशवीत. दोन पिशव्या ठेवा: एक कधीही अडलं तरी चालेल अशी, एक शांततेची. तिसरी नको. तिसरी आली की पहिल्या दोन्ही मागे पडतात, हे मी इतक्या घरांत बघितलंय की या बाबतीत मी सूट देत नाही.

५. हाताचा ताण

खाली सैल, वर घट्ट झालं असेल तर आधी सुई तपासा. मधे जोडी बदलली का? धातूच्या सुईवर आणि बांबूच्या सुईवर एकाच माणसाचा हात वेगळा पडतो, नंबर एकच असला तरी. मग वेळ तपासा. थकून, खांदे उचलून विणलेल्या ओळी बहुधा घट्ट येतात.

फरक किती पडतो बघा. १० सेंमीत २२ टाके बसतात असं धरून १३२ टाके घातले तर घेर ६० सेंमी. पुढे हात घट्ट होऊन १० सेंमीत २४ बसू लागले की तोच घेर ५५. मुलाच्या स्वेटरमध्ये ५ सेंमी म्हणजे तो अंगात बसणं आणि न बसणं. म्हणून नमुना चौकोन, म्हणजे काम घालण्याआधी त्याच लोकर-सुईवर ताण मोजायला विणलेला तुकडा, १५ सेंमीचा करा, कड सोडून मधले १० सेंमी मोजा, आणि महिनाभर बंद पडलेलं काम उचललं की आधी त्या चौकोनाच्या शेजारी धरून बघा.

बरेच दिवस पडून राहिलेल्या कामात सुईवरची ओळ ताणून मोठी झालेली असते आणि विणल्यावर तिथे आडवी रेघ दिसते. ती एक ओळ उसवून परत विणा, रेघ जाते. आणि काम लांबणार हे आधीच माहीत असेल तर टाके सुईवर ठेवूच नका, जाड दोऱ्यावर उतरवून ठेवा.

६. माप कुठल्या वयाचं धरलंय

बाळ जन्मतः साधारण ५० सेंमी लांब असतं आणि वर्षाचं होईपर्यंत ७५ च्या आसपास. पाच-पाच मिनिटांत विणलेला तीन महिन्यांचा स्वेटर तीन महिन्यांच्या बाळाला मिळणं अवघडच. पहिल्या वर्षात विणायला घेतलं तर दीड-दोन वर्षांचं माप धरा. त्यानंतर मूल उंचीत भराभर आणि छातीत त्यामानाने हळू वाढतं, म्हणून छातीला ४-५ सेंमी सैल ठेवून बाही आणि अंगाची लांबी जास्त द्या, बाही दुमडून घालता येते. गळ्यापासून खाली विणायची पद्धत येत असेल तर पुढच्या वर्षी खालचा काठ उसवून लांबी वाढवता येते, त्यासाठी एक गुंडा राखून ठेवा. डोकं मात्र पहिल्या वर्षानंतर फार हळू वाढतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम २ सेंमी. त्यामुळे टोपीवर घेतलेली मेहनत सगळ्यात जास्त दिवस वापरात राहते. ज्यांचं मन खट्टू झालंय त्यांना मी टोपीपासूनच सुरू करायला सांगते.

विणताना काही गोष्टी टाळा. लहान मुलाच्या कपड्याला गळ्याशी, टोपीला हनुवटीखाली बांधायच्या दोऱ्या नकोत, त्या अडकून गळा आवळू शकतात. मोज्यांच्या आणि हातमोज्यांच्या आत सुटे धागे, मागून लांब ओढलेले रंगीत धागे नकोत, ते बोटांना गुंडाळतात. झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर घरात टोपी नको, आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात सुटं पांघरूणही नको. विणलेलं पांघरूण बाबागाडीत, तुमच्या डोळ्यांसमोर.

७. सुई निघाली, टाके सुटले

मुलाच्या हातात विणकाम दिसलं की ओरडू नका. दचकलं की ते ओढतं, आणि होणारं नुकसान दुप्पट होतं. जवळ जा, आधी त्याची मूठ सोडवा, मग कापड.

कापड टेबलावर सपाट पसरा. धागा ओढायचा नाही, कापड ताणायचं नाही. लोकरीचे टाके बिचारे जागेवर बराच वेळ थांबतात, लोकर एकमेकींना धरून असते. गुळगुळीत सुती किंवा रेशमी धागा थांबत नाही, तिथे लगेच हात चालवा. नेहमीच्या सुईपेक्षा एक-दोन नंबर बारीक सुई घ्या, ती टाक्यांत सहज शिरते. एका टोकापासून सगळे टाके या बारीक सुईवर घ्या. ते सरळ बसले की उलटे, हे आत्ता बघत बसू नका. सगळे पकडले जाणं पहिलं. मग पुढची ओळ नेहमीच्या सुईने विणताना एकेक टाका बघा: टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढे असेल तर ठीक, मागे असेल तर तो टाका मागच्या बाजूने विणा, पीळ निघून जातो.

शिडी पडली असेल तर क्रोशाची सुई घ्या, विणायच्या सुईच्या जवळपास जाडीची. सुलट बाजू समोर ठेवा. खाली अडकलेल्या टाक्यातून क्रोशा पुढून घाला, त्याच्या लगेच वरची आडवी पायरी पकडा, टाक्यातून ओढून घ्या. मग वरची, मग त्याच्या वरची. एकही पायरी सोडू नका, खालून वर क्रमाने जा. सगळ्या सुलट ओळींच्या विणीत एक पायरी पुढून आणि एक मागून घ्यावी लागते. तयार झालेली रांग जरा घट्ट किंवा सैल दिसेल. शेजारचे टाके सुईच्या टोकाने किंचित सारखे केले आणि एकदा धुतलं की मिसळून जाते. आत्ता वेळ नसेल तर सुटलेल्या टाक्यातून दोरा ओवून गाठ मारा आणि दुरुस्ती रात्रीसाठी ठेवा. मूल कडेवर घेऊन शिडी उचलायला बसू नका.

गुंता झाला असेल तर टोकं ओढायची नाहीत, गुंता बाहेरच्या बाजूने सैल करत जायचा. अर्ध्या तासात सुटला नाही तर कापा आणि जोडा. प्रक्रिया न केलेली शुद्ध लोकर असेल तर दोन्ही टोकं उकलून, ओली करून तळहातांत जोरात चोळली की एकजीव होतात. अॅक्रिलिक, सुती किंवा मशीनमध्ये धुता येणाऱ्या लोकरीत ही युक्ती चालत नाही, तिथे नवीन धागा ओळीच्या कडेला लावा.

८. घरातली वाटणी

वरचं सगळं केलं आणि तरीही काम सरकत नसेल, तर प्रश्न सुईचा उरलेला नाही, घरातल्या तासांचा आहे. ही तपासणी अवघड आहे कारण ती दुसऱ्या माणसाशी बोलून करायची असते. आठवडाभर एका कागदावर लिहा, मूल कोणाकडे किती वेळ होतं आणि त्या वेळात दुसऱ्याने काय केलं. मग तो कागद समोर ठेवून बोला. "मला जरा वेळ देत जा" या वाक्यातून काही मिळत नाही. "मंगळवार आणि शुक्रवारी रात्री साडेआठ ते नऊ मूल तुझ्याकडे, मी आतल्या खोलीत" असं दिवस-वेळ धरून ठरवलं तर ते टिकतं. तेवढ्याच हक्काची वेळ समोरच्यालाही द्या, नाहीतर दोन आठवड्यांत कुरबूर सुरू होते. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना हा वेळ आधी सांगून ठेवा, ऐनवेळी मूल हातात देऊन नको.

मुलांना सोबत घेता येतं, पण त्याला विणायचा वेळ समजू नका. तो त्यांच्यासोबतचा वेळ आहे. दोन-तीन वर्षांचं मूल तुमच्या समोर बसून जाड लोकरीचा गुंडा गुंडाळू शकतं. पाच-सहा वर्षांनंतर बोटांवर विणणं जमतं. वॉल्डॉर्फ पद्धतीच्या शाळांत तर पहिलीच्या वयात सुयांवर विणायला शिकवतात. या दिवसांत तुमची एकही ओळ होणार नाही हे धरूनच बसा.

९. हे काम पुढे न्यायचं की उसवायचं

शेवटची आणि मनाला सगळ्यात जड जाणारी तपासणी. पिशवी काढा आणि स्वतःला विचारा: माप अजून उपयोगी आहे का? आज हीच लोकर नवी मिळाली तर हेच घालीन का? दोन्हीला नाही असेल तर उसवा. खालचा भाग चांगला असेल तर त्याची उशीची खोळ किंवा बाहुलीचं पांघरूण होतं, मग टाके बंद करून टाका. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीभोवती लडी करून गुंडाळा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, न पिळता वाळत टाका. कुरळेपणा बराचसा जातो आणि नवीन नमुन्याचा ताण खरा मोजता येतो. न धुता तीच कुरळी लोकर विणली तर माप फसतं.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला कळ येते, मूल उचलताना वाढते, तर सुया खाली ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. बाळाला काखेत धरून सतत उचलल्याने तिथल्या स्नायूबंधाच्या आवरणाला सूज येते, नव्या आयांमध्ये हे नेहमी दिसतं, आणि विणकामात तोच अंगठा राबतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना रात्री मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, तर तो मनगटातल्या नसेवरचा दाब असू शकतो. व्यायामाचे व्हिडिओ बघत महिने घालवू नका, लवकर दाखवलं तर उपचार सोपे राहतात.

बटण बॅटरी गिळल्याची नुसती शंका असली तरी तडक रुग्णालय. उलटी करवू नका, वाट बघू नका. बाळ कारण न कळता रडतंय, आणि मोजा काढल्यावर बोट लाल-निळं, सुजलेलं, त्याभोवती धागा किंवा केस करकचून बसलेला दिसतोय, तर तो लगेच सोडवा. पूर्ण निघाला नाही किंवा खात्री वाटली नाही तर त्याच क्षणी डॉक्टर. धागा सुजलेल्या कातडीत रुतला की डोळ्यांना दिसतही नाही.

आणि आणखी एक, जे पिशव्या घेऊन येणाऱ्यांशी बोलताना मला कधी कधी जाणवतं. विणकाम वेळेअभावी थांबणं वेगळं, आणि कशातच मन न लागणं, मूल झोपलं तरी झोप न येणं, सारखं रडू येणं किंवा आपण आई म्हणून निकामी आहोत असं वाटणं वेगळं. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर डॉक्टरांशी बोला. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी घरातल्या माणसाला सांगा आणि मदत घ्या.

कापडाचं म्हणाल तर तीन प्रसंगी ते विणकाम दुरुस्त करणाऱ्या जाणत्या व्यक्तीकडे द्यावं: मुलाने कात्री चालवून एकापेक्षा जास्त ओळी कापल्या असतील, पिळाच्या किंवा जाळीच्या विणीत शिडी बरीच खाली गेली असेल, किंवा वस्तू कोणाची तरी आठवण असेल आणि तुमचा हात तिच्यावर थरथरत असेल. गरम पाण्यात, मशीनमध्ये घट्ट आटून गेलेला लोकरीचा स्वेटर मात्र कोणीच पूर्ववत करू शकत नाही, त्यावर खर्च करू नका. दुरुस्तीला देताना उरलेली लोकर, तिचं लेबल, सुईचा नंबर आणि नमुना चौकोन सोबत द्या. आणि कापलेल्या जागेला टाचण्या लावू नका. भोवतीच्या सगळ्या सुट्या टाक्यांतून एक वेगळ्या रंगाचा दोरा ओवून, सैल गाठ मारून, कापड घडी न घालता गुंडाळून न्या.